मामीच्या बेसचं बटण

माझ्या मामाला अख्खी गल्ली 'खरखरमामा' म्हणते. बिघडलेला रेडिओ, घसा बसलेला स्पीकर, मधेच गप्प होणारा माइक, असं काहीही घेऊन माणूस दुकानाच्या तीन पायऱ्या चढला की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "मामा, खरखर येतेय हो." मग मामा हातातलं काम बाजूला सारतो, ती वस्तू सुरू करतो, डोळे मिटतो आणि कान तिच्याजवळ नेतो. आधी ऐकायचं, मग मीटर लावायचं, ही त्याची पद्धत. मीटर नुसता आकडा सांगतं, बिघाडाचं कारण कानालाच कळतं, हे त्याने मला इतक्या वेळा ऐकवलंय की पुढचं वाक्य मीच पुरं करते.

त्याच दुकानात प्लायवुडच्या पार्टिशनमागे माझं टेबल आहे. डॉक्टर लोक पेशंट तपासून झाले की मशीनमध्ये बोलून ठेवतात, ते ऐकून मी टाइप करते. दिवसभर माझ्या कानात इअरफोन असतात आणि इअरफोनमध्ये कुणाचं तरी पित्ताशय. घरी मुलांचा कल्ला चालतो म्हणून तीन वर्षांपूर्वी मामाने ही जागा मला दिली. मी चव्वेचाळीस वर्षांची आहे आणि राग माझ्या नाकावर असतो. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

मामा त्रेसष्टचा. अंगाने काटकुळा, मिशा पांढऱ्या, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी टेस्टर. दहा वर्षांपूर्वी तो शिडीवरून पडला, तेव्हापासून त्याची मान खाली पुरती वाकत नाही. म्हणून खोबणीत, कपारीत काम असेल तर तो दाताच्या डॉक्टरांकडे असतो तसला लांब दांड्याचा छोटा आरसा आत धरतो आणि आरशात बघून सोल्डर करतो, म्हणजे कथील वितळवून वायरी जोडतो. तो आरसा त्याला एका दाताच्या डॉक्टरानेच दिला होता, रेडिओ नीट करून दिल्याच्या खुशीत. आरशात बघून काम करणं म्हणजे उलट्या हाताने सही करण्यासारखं असतं, पण मामाचा हात त्याला इतका सरावला होता की तो गप्पा मारता मारता करायचा.

आता मामी. मामी बेस वाजवते. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते, बेस म्हणजे गिटारचा थोरला भाऊ. लांब मान, चार जाड तारा आणि खालचे, भारदस्त सूर. गाण्यात तो असतो तेव्हा कुणाचं लक्ष जात नाही, आणि नसला की सगळ्यांना वाटतं काहीतरी चुकतंय. मामी एकतीस वर्षं एका बँडमध्ये बेस वाजवते आहे. हॉलमध्ये, क्लबात, समारंभांत त्यांचे कार्यक्रम होतात. बँडमधली पोरं तिला 'बेसबाई' म्हणतात.

त्या दोघांची गाठ पडली तीही बेसमुळेच. मामी तेव्हा कापडाच्या गिरणीत तपासनीस होती आणि नुकतीच बँडमध्ये शिरली होती. जुना बेस घेऊन ती दुकानात आली, आतली एक वायर सुटली होती. दहा मिनिटांचं काम. मामाने त्याला तीन आठवडे लावले. ती आली की म्हणायचा, "अजून जरा ऐकायला लागेल, तुम्ही वाजवून दाखवा." ती वाजवायची, तो डोळे मिटून ऐकायचा. तिसऱ्या आठवड्यात मामीने विचारलं, "वायर जोडायचीय की तुम्हाला गाणी ऐकायचीयत?" मामा म्हणाला, "दोन्ही." एवढं बोलायला त्याला एकवीस दिवस लागले, असं मामी अजूनही लोकांना सांगते.

म्हणून गेली दोन वर्षं जे चाललं होतं ते मला कळतच नव्हतं. मामीच्या बेसच्या व्हॉल्यूमच्या बटणात खरखर यायला लागली होती. बटण जरा हललं की चर्र. मामीने सांगितलं. मामाने बेस लावला, डोळे मिटले, बटण फिरवलं आणि म्हणाला, "कुठे आहे खरखर?" मामीला वाटलं, नेमकी आत्ताच येत नसेल. महिन्याने पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच, "कुठे आहे?" चौथ्या की पाचव्या वेळेनंतर मामीने सांगणंच सोडलं. तिने चिकटपट्टी आणली, बटण एका जागी नेलं जिथे खरखर जरा कमी होती, आणि त्यावर पट्टी मारून टाकली. गावभरची खरखर काढणाऱ्याच्या बायकोचा बेस चिकटपट्टीवर चालला होता. पार्टिशनमागून मी हे बघत होते आणि मनातल्या मनात मामाला बोल लावत होते. माणूस म्हातारा झाला की घरच्या माणसाकडे असा कानाडोळा करायला लागतो का, असंही मला वाटून गेलं.

त्या बुधवारी दुपारी मामी दुकानात आली ती चहाची किटली घेऊन, रोजच्यासारखीच. तीन कप भरले, स्टुलावर बसली आणि सरळ सांगून टाकलं, "मास्तरांचा निरोप आलाय. शनिवारच्या तालमीत ते ठरवणार आहेत मला ठेवायचं की नाही."

मास्तर म्हणजे बँडचे मालक आणि मुख्य गायक. माणूस वाईट नाही, पण आपल्या आवाजापुढे दुसरा कुठलाही आवाज त्यांना जास्तच वाटतो. त्यांनी नवा कीबोर्डवाला आणला होता. तो उजव्या हाताने कीबोर्ड वाजवायचा आणि डाव्या हाताने त्याच मशीनमधून बेसचे सूर काढायचा. पुढच्या हंगामात क्लबातले कार्यक्रम होते, तिथलं स्टेज लहान. मास्तरांचं म्हणणं होतं, एका माणसात भागत असेल तर दोन कशाला? शनिवारी दोन्ही ऐकू आणि सोक्षमोक्ष लावू.

"आणि त्यात हे बटण," मामी म्हणाली. "तालमीत चर्र वाजलं की मास्तरांना आयतं निमित्त मिळेल. मी उद्या बेस स्टेशनच्या रस्त्यावरच्या त्या दुसऱ्या दुकानात टाकते."

हे ती रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती कप विसळत विसळत म्हणाली. मामाने तिच्याकडे पाहिलं, मग चहाकडे पाहिलं. एकतीस वर्षांत त्या बेसला दुसऱ्या कुणाचा स्क्रू ड्रायव्हर लागला नव्हता.

"इथेच ठेव," तो म्हणाला. "उद्या उघडतो."

"बघ बाबा," मामी म्हणाली आणि किटली घेऊन गेली.

गुरुवारी सकाळी मामाने बेस टेबलावर आडवा घेतला. पट्टी काढली, मागचं झाकण उघडलं. मी टाइप केलेलं पाठवून मोकळी झाले होते, म्हणून बघायला गेले. आत फारसं काही नसतं हो. तारांखाली एक पिकअप असतो, म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली केसासारखी बारीक तार. तार हलली की पिकअपमध्ये वीज उमटते, एवढीशी. ती दोन वायरींतून व्हॉल्यूमच्या बटणाकडे जाते, तिथून टोनच्या बटणाकडे, आणि मग बाहेरच्या जॅकला, जिथे आपण कॉर्ड खुपसतो. बटण म्हणजे एक नळ समजा. वीज किती पुढे जाऊ द्यायची ते तो नळ ठरवतो.

मामाने व्हॉल्यूमचं बटण बाहेर काढून त्याची पत्र्याची डबी सोडवली. आत काळा गोलाकार पट्टा असतो, कार्बनचा, त्यावरून एक पत्ती फिरते. मामाने डोळ्याला भिंग लावलं आणि बराच वेळ बघत राहिला. मग भिंग माझ्याकडे दिलं.

पट्ट्याचा एवढासा तुकडा पार झिजून पांढरा पडला होता. बटणावर शून्यापासून दहापर्यंत आकडे होते, त्यांतल्या दोन आणि तीनच्या मधला तुकडा. बाकी सगळा पट्टा काळा कुळकुळीत, तकतकीत, जणू कालच कारखान्यातून आलेला.

"तिनाच्या पुढे ती कधी गेलीच नाही," मामा म्हणाला.

मला पटकन कळलं नाही. मग आठवलं. मी त्यांचे कितीतरी कार्यक्रम पाहिले आहेत. मास्तरांनी गाता गाता मान जरा वळवली की मामीचा हात बटणाकडे जायचा. मास्तर काही बोललेही नसायचे. ड्रमवाल्याने हसून बघितलं की हात बटणाकडे. पहिल्या रांगेतलं लहान मूल रडलं तरी हात बटणाकडे. एकतीस वर्षं तीच पत्ती त्याच दोन आकड्यांच्या मधे पुढे-मागे घासत होती. मला त्या काळ्या तकतकीत पट्ट्याकडे बघून वाईट वाटलं, खरंच फार वाईट वाटलं.

मामाने ड्रॉवर धुंडाळले. रेडिओची बटणं ढिगाने होती, पण ती या कामाची नव्हती. ती लावली तर बेसचा अर्धा आवाज तिथेच गिळला गेला असता. हवं ते बटण मागवायला हवं होतं आणि यायला दहा दिवस लागणार होते. हातात होते दोन.

"काढूनच टाकतो," मामा म्हणाला. "पिकअपच्या वायरी थेट जॅकला. मधे कोणी नकोच."

संध्याकाळी मामी आली तेव्हा त्याने तिला हे सांगितलं. तिचा चेहरा उतरला. "आणि आवाज कमी कसा करायचा?"

"बोटांनी. हळू छेडलीस की हळू वाजेल."

"आणि मास्तरांनी बघितलं की?"

"बघू देत की."

"तुला काय जातंय म्हणायला," मामी म्हणाली. "स्टेजवर मी उभी असते." पण आता बेस त्या दुसऱ्या दुकानात टाकण्याइतका वेळही उरला नव्हता. ती ओठ आवळून निघून गेली.

शुक्रवारी दुपारी मामा त्या कामाला बसला. बेसच्या कडेला जॅक बसतो त्या पत्र्याचे स्क्रू लाकडात सैल झाले होते. पत्रा उचकटला असता तर पुन्हा घट्ट बसला नसता. म्हणून त्याने मागच्या झाकणातूनच हात घातला, आरसा आत धरला आणि आरशात बघून दोन्ही वायरी जॅकच्या दोन पायांना सोल्डर केल्या. तिसरी एक वायर तारा जिथे अडकवलेल्या असतात त्या पुलाकडून येते, तीही त्या दोनांपैकी अर्थिंगच्या वायरीसोबत एका पायाला जोडली. धुराची एक बारीक रेघ वर गेली. मामाने टेबलावरच्या छोट्या स्पीकरला कॉर्ड लावली. हा स्पीकर तळहाताएवढा, कुठल्याशा जुन्या रेडिओतून काढलेला, सगळ्या तपासण्या तो त्यावरच करतो. त्याने एक तार छेडली. सूर आला. चारही तारा छेडल्या. मग तळवा तारांवर ठेवून त्या थांबवल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "स्वच्छ!"

माझ्या कानात इअरफोन होते, तरी त्यांच्या पलीकडून काहीतरी किर्र करत होतं. मी ते काढले. किर्र वाढलं. स्पीकरमधून सरळ सरळ किडा ओरडावा तसा आवाज येत होता. मामाने तारांवरचा हात उचलला की तो कमी व्हायचा, हात ठेवला की वाढायचा. बेसमध्ये नेमकं उलट हवं. तारांना हात लावला की सगळं शांत व्हायला हवं, हे मला त्यानेच शिकवलं होतं.

मला वाटलं थट्टा करतोय. मी हसायच्या बेतात होते. मग मी त्याचा चेहरा पाहिला. तो समाधानाने सोल्डरिंगचं टोक ओल्या स्पंजवर पुसत होता. किर्र चालूच होतं आणि तो टोक पुसत होता.

त्या एका क्षणात मला दोन वर्षांच्या कितीतरी गोष्टी आठवल्या. दारावरची बारीक घंटी त्याला ऐकू जात नाही म्हणून मी ओरडून सांगायचे, आणि तो म्हणायचा, कामात होतो. दुकानातली खुर्ची त्याने दाराकडे तोंड करून ठेवली होती, म्हणजे येणाऱ्याचे ओठ दिसावेत. हल्ली तो गिऱ्हाइकाला पुन्हा पुन्हा विचारायचा, "खरखर केव्हापासून येतेय? बटण फिरवल्यावर की आपोआप?" आणि मला मधेच हाक मारायचा, "जरा ये, तुझे कान तपासू. सांग बघू कसा आवाज येतोय?" मी कौतुकाने सांगायचे. मला वाटायचं, मामा मला शिकवतोय. त्याला दमदार आवाज ऐकू येत होते, माणसांचं बोलणं समोर बसलं की कळत होतं. पण बारीक, तीक्ष्ण असं जे काही असतं ते सगळं त्याच्या कानांतून केव्हाच निघून गेलं होतं. म्हणजे त्याच्या धंद्यातली नेमकी खरखर.

आधी मला राग आला. सांगायला काय झालं होतं? आणि मग वाटलं, सांगायचं तरी कसं होतं त्याने, आणि मी आता कसं सांगू? नाही सांगितलं तर मामी हा किर्र करणारा बेस घेऊन उद्या मास्तरांपुढे उभी राहणार. सांगितलं तर खरखरमामाला त्याच्याच दुकानात, त्याच्याच टेबलापाशी सांगायचं, की तुला ऐकू येत नाही.

मी काही ठरवायच्या आत मामी आत आली. तिने चपला काढल्या, बेस गळ्यात घातला आणि तारांना हात लावला. किर्रर्र.

तिने हात उचलला, पुन्हा ठेवला. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "हे काय केलंस?"

"काय झालं?" मामा म्हणाला.

"किर्र वाजतंय."

मामाने डोळे मिटले, कान स्पीकरजवळ नेला. "कुठे?"

बस. तो एक शब्द. दोन वर्षं मामीने तो गिळला होता. आता ती जी काही सुटली, "कुठे, कुठे, कुठे! दोन वर्षं हेच ऐकतेय मी! सगळ्या गावाचं ऐकतोस, माझं तेवढं तुला ऐकायचं नाही! मास्तरांना मी नको, ठीक आहे, ते परके. पण तूसुद्धा..." तिचा आवाज फाटला. ती बेस गळ्यातून काढायला लागली, पट्टा तिच्या केसांत अडकला, आणि मामा नुसता तिच्या ओठांकडे बघत उभा.

"मामी," मी ओरडले, कारण माझ्याने राहवलंच नाही, "त्याला ऐकू येत नाही गं! किर्रही नाही, खरखरही नाही. दोन वर्षं!"

मग किर्र तेवढं उरलं. मी जाऊन स्पीकर बंद केला.

मामा स्टुलावर बसला. बराच वेळ त्याने खिशातला टेस्टर काढला आणि परत ठेवला, काढला आणि परत ठेवला. "पहिल्यांदा वाटलं कानात मळ असेल," तो म्हणाला. "मग डॉक्टरकडे जाऊन आलो, इथल्या ओळखीच्या नाही, लांबच्या. ते म्हणाले, गेलेलं परत येत नाही. तू बेस आणलास, बटण फिरवलं, मला काहीच ऐकू येईना. मला वाटलं, आता हिला कळणार. म्हणून म्हटलं, कुठे आहे."

"मला सांगितलं असतंस तर?" मामी म्हणाली.

"तू माझ्याकडे आली होतीस ती माझ्या कानांमुळे."

मामीने त्याच्याकडे असं पाहिलं की आता हसेल की रडेल मला सांगता येईना. "वायर तुटली होती म्हणून आले होते," ती म्हणाली. "तीन आठवडे थांबले ते कानांमुळे नव्हे." आणि तिने पदराने त्याच्या मिशीवरचं काहीतरी पुसलं, जे तिथे नव्हतंच.

मग मामा उठला. या वेळी त्याने डोळे मिटले नाहीत. मीटर काढलं, जे तो नेहमी शेवटी काढतो, आणि एकेक वायर तपासली. अर्ध्या मिनिटात चूक सापडली. जॅकच्या दोन पायांची अदलाबदल झाली होती. आरशात डावं ते उजवं दिसतं. पूर्वीही कधी तशी अदलाबदल झाली असेल, पण तेव्हा कान त्याला लगेच सांगायचा, आणि तो हसून दुरुस्त करायचा. या वेळी सांगणारं कुणी नव्हतं. सूर तर तसाच निघत होता, आणि त्याला ऐकू आली असती अशी जाड घरघर त्या एवढ्याशा स्पीकरला काढताच येत नाही. राहिलं ते किर्र, आणि ते त्याच्यासाठी नव्हतंच.

"तू आत बघ," तो मला म्हणाला. "मान तुझी वाकते. आणि आरसा नको."

मी बॅटरी धरून आत वाकले. बाहेरच्या पायाला कुठली वायर, आतल्याला कुठली, ते त्याला सांगत गेले. त्याने माझ्या सांगण्यावरून सोल्डर केलं. मामीने तारांवर तळवा ठेवला. स्पीकर गप्प. तिने सगळ्यांत जाड तार छेडली, आणि काय सांगू, इतकी वर्षं तो बेस ऐकतेय, पण हा आवाज मी ऐकला नव्हता. उघडा, भरलेला, कडेला थोडी धार असलेला. मामीने दचकून हात बटणाकडे नेला. तिथे नुसतं भोक होतं.

"आता?" मामाने विचारलं.

"स्वच्छ आहे," मामी म्हणाली. मामाने मान हलवली आणि तिच्या शब्दावर झाकणाचे स्क्रू पिळले.

शनिवारी तालीम दुपारी होती, एका शाळेच्या मागच्या हॉलमध्ये. घडीच्या खुर्च्या भिंतीला लावलेल्या, मधे वायरींचा गुंता. मीही गेले. मला घरी बसवलंच नसतं. मामाने मामीचा ॲम्प्लिफायर, म्हणजे पोटात स्पीकर असलेलं ते मोठं खोकं, उचलून जागेवर ठेवला, आवाज लावून दिला आणि त्याच्याच पुढ्यात स्टूल टाकून, त्याला पाठ टेकून बसला. त्याच्या पाठीआड ॲम्प्लिफायरची सगळी बटणं झाकली गेली. हे मुद्दाम होतं का ते मला तेव्हा कळलं नाही.

पहिलं गाणं कीबोर्डवाल्याने दोन्ही हातांनी वाजवलं. छान वाजवलं, उगाच कशाला नावं ठेवा. मग मास्तर म्हणाले, "आता बाई, तुम्ही." मामीने सुरुवात केली. पहिले चार ठोके अगदी हळू, बोटांच्या टोकांनी, चोरासारखे. ड्रमवाल्याने वर पाहिलं. मामीचा हात सवयीने खाली गेला, भोकाला लागला, आणि परत वर आला. त्यानंतर तिने जे वाजवलं त्याने खिडकीची काच थरारली. तिला एकतीस वर्षांत जी वाक्यं म्हणायची होती ती तिने त्या चार तारांवर म्हटली. ड्रमवाला हसायला लागला. तो आता तिच्याकडे बघून वाजवत होता.

मास्तरांनी गाता गाता मान वळवली. मामीने त्यांच्याकडे पाहिलं आणि वाजवत राहिली. मास्तरांनी तळवा खाली दाबल्यासारखा केला, कमी करा, कमी करा. शेवटी ते थांबले आणि माइकमधूनच म्हणाले, "बाई, आवाज जरा कमी!"

"कमी करायचं बटणच नाही, मास्तर," मामी म्हणाली. हात थांबला नव्हता.

मास्तरांनी मामाकडे पाहिलं. "अहो! तुमच्या पाठीमागे बटण आहे! कमी करा!"

मामाने त्यांच्याकडे बघून प्रसन्न हसून मान डोलावली, उत्तम चाललंय, अशा अर्थाची, आणि पाठ आणखी जरा रेटून टेकली.

"त्यांना ऐकू येत नाही," मी ओरडून सांगितलं. हे त्या दिवशी पहिल्यांदा चारचौघांत बोललं गेलं, आणि आभाळ कोसळलं नाही. मास्तर हतबल होऊन कीबोर्डवाल्याकडे वळले. त्याने आपला डावा हात केव्हाच कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवला होता आणि पायाने ताल धरला होता. मास्तर पुन्हा माइककडे वळले. मग त्यांनी घसा साफ केला आणि पुढचं कडवं धरलं. मामीच्या आवाजावर चढायला त्यांना जरा जोर लावावा लागला आणि, खरं सांगायचं तर, ते बऱ्याच वर्षांत इतकं चांगलं गायले नव्हते. तालीम संपल्यावर त्यांनी कागदावरून कार्यक्रमाच्या तारखा वाचून दाखवल्या आणि शेवटी म्हणाले, "सगळ्यांनी पाचला यायचं. बाई, तुम्ही साडेचारला. तुमचं ते धूड लावायला वेळ लागेल."

सोमवारपासून दुकानात माझी खुर्ची पार्टिशनच्या अलीकडे आली आहे. कुणी म्हणालं, "मामा, खरखर येतेय," की मामा म्हणतो, "हिला ऐकवा. मला नाही ऐकू येत." पहिल्या वेळी हे म्हणताना त्याचे कान लाल झाले होते. नवं बटण दहा दिवसांनी आलं. मामीने ते बघितलं आणि त्या रेडिओच्या बटणांच्या ड्रॉवरमध्ये टाकून दिलं.

मास्तरांचं ओरडणं त्याला खरंच ऐकू गेलं नव्हतं का, हे मी मामाला अजून विचारलेलं नाही. पण त्या दिवशी हॉलच्या पायऱ्या उतरताना मामीने त्याला विचारलं, "कसं वाजलं?" गेली दोन वर्षं तो या प्रश्नाला "छान" म्हणत आला होता. तो थांबला, तिच्याकडे तोंड केलं, आणि म्हणाला, "पाठीला सगळं ऐकू आलं. एकूणएक सूर."